शेजारचा काटा : विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींना खुलं पत्र

गोंदियाला, बारामतीला, धुळ्याला आणि त्याहून लांब परदेशात विमान शिकायला गेलेल्या मुलामुलींनो,

मी वैमानिक नाही. तुम्ही ज्या काट्यांकडे बघून विमान उडवणार, ते काटे उघडून, पुसून, तपासून पुन्हा बसवण्यात माझी ३४ वर्षं गेली. मुंबई विमानतळावरच्या एका इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये मी मेकॅनिक होतो. घड्याळजीसारखं डोळ्याला भिंग, हातात सुईएवढा स्क्रूड्रायव्हर आणि समोर उघडून ठेवलेला अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, नाहीतर होरायझन, म्हणजे विमान किती कललं आहे ते दाखवणारं साधन, असं ते आयुष्य. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी गोंदियाला शिकते. दिवाळीत फराळाला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "काका, आमचे सर रोज एकच सांगतात. ढगात शिरलात की स्वतःच्या शरीराचं ऐकायचं नाही, इन्स्ट्रुमेंट्सचं ऐकायचं. पण १९७८ साली वांद्र्याला जे विमान पडलं, त्यात कॅप्टनने तेच केलं होतं ना?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. ती गेल्यावर रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. हा प्रश्न आज ना उद्या तुम्हा प्रत्येकाला पडणार आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

१ जानेवारी १९७८ ला मी शाळेत होतो आणि आम्ही वांद्र्यालाच राहायचो. रात्री आठ वाजून गेल्यावर एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं. बोइंग ७४७, कंपनीचं पहिलं जंबो, १९७१ साली आलेलं. आत २१३ माणसं. धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे जुहूचा किनारा ओलांडला की खाली काळा समुद्र आणि वर काळं आभाळ. क्षितिजाची रेघ कुठेच नाही. किनारा ओलांडल्यावर विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतलं आणि ते परत सरळ झालं. पण कॅप्टनच्या समोरचा होरायझन सरळ झालाच नाही. तो 'विमान अजून उजवीकडे कललेलं आहे' असंच दाखवत राहिला.

आता कॅप्टनच्या खुर्चीत बसून बघा. बाहेर अंधार. समोरचं साधन सांगतंय, उजवीकडे कलला आहेस. मग त्यांनी काय केलं? डावीकडे फिरवलं. सरळ असलेलं विमान डावीकडे कलायला लागलं. काटा हलला नाही म्हणून आणखी डावीकडे. विमान ९० अंशांच्याही पलीकडे कललं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. उड्डाणापासून दोन मिनिटंही झाली नव्हती. कुणीही वाचलं नाही.

कॉकपिटमधलं शेवटचं बोलणं टेपवर राहिलं. कॅप्टन म्हणतात, माझ्या इन्स्ट्रुमेंट्सना काय झालं. को-पायलट म्हणतात, माझंही उलटलंय. आणि मागे बसलेले फ्लाइट इंजिनिअर अगदी शेवटच्या सेकंदांत म्हणतात, त्याच्यावर जाऊ नका, त्याच्यावर जाऊ नका. हे शब्द मी कितीदा वाचले असतील. इंजिनिअरच्या जागेवरून त्यांना दिसलं होतं. त्या विमानात कॅप्टनसमोर एक, को-पायलटसमोर एक आणि मधे एक राखीव, असे तीन होरायझन होते. शिवाय वळण दाखवणारा साधा टर्न अँड बँक इंडिकेटर होताच. को-पायलट 'माझंही' म्हणाले असले तरी चौकशीत बिघडलेला ठरला तो एकच, कॅप्टनचा. चौकशीचा निष्कर्षही तोच: कॅप्टनचं साधन बिघडल्यावर विमान कसं कललं आहे याचं भान त्यांना राहिलं नाही, त्यांनी चुकीचं नियंत्रण दिलं, आणि बाकीच्या साधनांच्या आधारे विमान सावरलं गेलं नाही. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत बोइंगवर आणि साधनं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला होता, १९८५ साली न्यायाधीश जेम्स फिट्झगेराल्ड यांनी तो फेटाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं वांद्रं बँडस्टँडच्या खडकांवर उभं होतं. कुणी काही बोलत नव्हतं. लांब समुद्रात बोटी एकाच जागी घुटमळताना दिसत होत्या. वडिलांनी मला मनगटाला धरून घरी नेलं. पुढे मी हीच लाइन का धरली, याचं खरं उत्तर त्या सकाळी आहे.

तर त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तुमचे सर बरोबरच सांगतात. शरीराचं ऐकू नका. आमच्या शॉपमध्ये नवा अप्रेंटिस आला की आम्ही त्याला फिरत्या स्टुलावर बसवायचो, डोळ्यांवर रुमाल बांधायचो आणि स्टूल अगदी सावकाश फिरवत ठेवायचो. थोड्या वेळाने तो सांगायचा, थांबलं. स्टूल फिरतच असायचं. मग आम्ही खरंच थांबवलं की तो हात पसरून म्हणायचा, उलटं का फिरवताय? कानाच्या आतल्या पाण्याला हळूहळू झालेला बदल कळतच नाही. 'सम्राट अशोक'च्या कॅप्टनना आपलं विमान डावीकडे कलतंय हे शरीराने सांगितलं नाही, यात त्यांच्या १८,००० तासांच्या अनुभवाचा काही दोष नव्हता. ते पाणी तुमच्या कानात आणि माझ्याही कानात तसंच आहे.

पण तुमचे सर 'इन्स्ट्रुमेंट्स' म्हणतात, तेव्हा ते अनेकवचन आहे, हे तुम्हाला कुणी ओरडून सांगत नाही. मी सांगतो. समोरच्या एका काट्यावर भरवसा ठेवायचा नसतो, तो शेजारच्याशी जुळतोय का हे बघून ठेवायचा असतो. तुमचं शिकायचं विमान जर गोल डायलवाल्या जुन्या पद्धतीचं सेसना १७२ असेल, तर त्यातला होरायझन व्हॅक्यूम पंपावर चालतो आणि वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. हे कुणी गंमत म्हणून केलेलं नाही. दोघे शेजारी राहतात, पण वेगवेगळ्या विहिरीचं पाणी पितात. एका विहिरीत काही पडलं तर दुसरा शुद्धीवर राहावा म्हणून. होरायझन म्हणतोय उजवीकडे आणि टर्न कोऑर्डिनेटर म्हणतोय सरळ, तर दोघांपैकी एक खोटा आहे, आणि तिसऱ्याला विचारेपर्यंत चाक फिरवायचं नाही.

वांद्र्यानंतर जग शहाणं झालं असं मला वाटायचं. मग २२ डिसेंबर १९९९ ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू ७४७ मिलानला निघालं. रात्रीच. कॅप्टनच्या होरायझनमध्ये कल दाखवण्याचा बिघाड आदल्या फेरीतच नोंदला गेला होता आणि स्टॅनस्टेडला त्याची दुरुस्ती झाली होती, ती चुकीची झाली होती. उडाल्यावर कॅप्टनने डावीकडे वळण घेतलं, काटा हलला नाही, ते वळतच गेले. दोन होरायझन जुळत नाहीत अशी धोक्याची घंटा वाजत होती. फ्लाइट इंजिनिअर कलण्याबद्दल परत परत सांगत होते. को-पायलट, ज्यांच्यासमोर बरोबर चालणारं साधन होतं, ते काहीच बोलले नाहीत. मिनिटभरात विमान जमिनीवर. चारही जण गेले.

जवळपास २२ वर्षांनी तीच जात, तसंच साधन, तीच डावी बाजू. आणि दोन्ही वेळा मागे बसलेल्या माणसाला कळलं होतं.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यातले बहुतेक जण आधी को-पायलट होणार आहात. शेजारी वडिलांच्या वयाचा, हजारो तासांचा कॅप्टन असेल. आपल्याकडे घरात, शाळेत, सगळीकडे शिकवलेलं असतं की मोठ्यांना उलट बोलायचं नाही. तो संस्कार घरी ठेवा. कॉकपिटमध्ये तुम्ही त्या कॅप्टनचा शेजारचा काटा आहात. तुमच्यासमोरचं साधन वेगळं सांगतंय, तर आकडा मोठ्याने सांगा, पुन्हा सांगा, आणि ऐकत नसतील तर विमान हातात घ्या. त्यासाठी शब्द आधीच पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाहीत.

आता वेगाच्या काट्याकडे येतो. आमच्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त याच कुटुंबाचं काम असायचं. विमानाच्या नाकाशी एक बोटभर नळी पुढे तोंड करून असते, तिला पिटो म्हणतात. समोरून येणारी हवा तिच्यात दाबली जाते. विमानाच्या अंगावर बाजूला बारीक भोकं असतात, ती स्टॅटिक पोर्ट. ती बाहेरच्या शांत हवेचा दाब घेतात. पहिल्या दाबातून दुसरा वजा केला की वेग निघतो, आणि नुसत्या दुसऱ्यावरून उंची. एवढंच. कितीही महागडं विमान असो, त्याला आपला वेग कळतो तो या नळीने आणि या भोकांनी.

आणि ते बुजायला काय लागतं? कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना कुंभारीण माहीत असेल. चिखलाच्या गोळ्या आणून स्विचबोर्डच्या भोकात, दाराच्या कडीत, रेडिओच्या मागे घर करणारी ती माशी. तिला भोक दिसलं की पुरे. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ उडालं. हे विमान त्याआधी तीनेक आठवडे जमिनीवर उभं होतं, आणि पिटोवर कव्हरं नव्हती. नळ्या समुद्रातून पुढे सापडल्या नाहीत, पण चौकशीला सगळ्यात जास्त शक्यता वाटली ती अशाच एका चिखलमाशीच्या घराची. कॅप्टनचा वेगाचा काटा धावपट्टीवर धावतानाच चालत नव्हता. त्यांना ते कळलंही होतं. तरी ते उडाले. आता नीट वाचा. पिटो बुजला की आतली हवा तिथेच अडकते, पण स्टॅटिक चालू असतं. विमान जसं वर जातं, तसा बाहेरचा दाब कमी होतो, आणि वेगाचा काटा वर चढायला लागतो. म्हणजे तो वेग दाखवतच नाही, उंची दाखवतो. कॅप्टनना वाटलं, झाला सुरू. काटा चढत गेला, ३५० नॉटपर्यंत, आणि ऑटोपायलटने तोच खरा धरून विमानाचं नाक वर केलं. एकाच वेळी दोन इशारे यायला लागले: फार वेगात आहात, आणि फार हळू आहात. खरं होतं ते दुसरं. १८९ माणसं गेली. को-पायलटच्या समोर बरोबर चालणारा काटा होता.

धावपट्टीवर ८० नॉटला हाक द्यायला शिकवतात तुम्हाला. बरेच जण ती हाक देवळात घंटा वाजवावी तशी देतात. ती हाक म्हणजे दोन काटे जुळतात का ही विचारपूस आहे. जुळले नाहीत तर थांबायचं, त्या वेळी थांबण्याइतकी धावपट्टी समोर असते. पुएर्तो प्लाताला ती होती.

अशाच माशीची दुसरी गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तुम्हाला मी नुसतं घाबरवलं असं होईल. ब्रिस्बेनला या चिखलमाश्यांचा इतका त्रास आहे की तिथे थोडा वेळ थांबणाऱ्या विमानांच्या पिटोवरही कव्हरं घालतात. १८ जुलै २०१८ ला मलेशिया एअरलाइन्सचं एअरबस ए३३० तिथून रात्री क्वालालंपूरला निघालं, आणि कव्हरं काढायची राहून गेली. तिन्हीच्या तिन्ही. विमान उडालं तेव्हा एकाही पायलटसमोर खरा वेग नव्हता. पण त्यांनी विमान सावरलं, वेगासाठी असलेली राखीव मोजपट्टी वापरली, कंट्रोलरची मदत घेतली आणि तासाभरात परत येऊन सुखरूप उतरले. एकही माणूस दगावला नाही. बिघाड इथे बिर्गेनएअरपेक्षाही मोठा होता, कारण तिथे निदान को-पायलटचा काटा चालत होता.

कव्हरं काढायची राहिली कशी, असं तुम्ही म्हणाल. लाल फीत लटकत असते, जमिनीवरचे दोन-तीन जण विमानाभोवती फिरतात, पायलट स्वतः फेरी मारतो. मी तुम्हाला सांगतो कशी राहतात, कारण माझ्या हातून राहिली होती.

१९९४ चा पावसाळा. कंपनीचं नाव घेत नाही, ती कंपनी आता त्या रूपात राहिलेलीही नाही. रात्रपाळीत एक विमान हँगरमध्ये धुवायला घेतलं होतं. धुताना स्टॅटिक पोर्टमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्यांच्यावर टेप लावतात. ती टेप लांबून डोळ्यात भरेल अशी असावी लागते. त्या रात्री स्टोअरमध्ये केशरी टेप संपली होती, म्हणून चंदेरी लावली. विमानाच्या चंदेरी पत्र्यावर चंदेरी पट्टी. पहाटे साडेचारला मी डाव्या बाजूची काढली, उजव्या बाजूला कुणीतरी शिडी लावून ठेवली होती, मी म्हटलं शिडी गेली की काढतो, आणि तेवढ्यात मला दुसऱ्या विमानावर बोलावलं. परत आलो ते थेट कागदाकडे. सही केली. सगळं झालं म्हणून.

धुणाऱ्या कंत्राटदाराकडे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता, साताऱ्याकडचा. बादल्या उचलत होता. तो माझ्या मागे येऊन म्हणाला, "साहेब, हिकडली चिकटपट्टी ऱ्हायली का मुद्दाम ठिवलीय?" मी वळून बघितलं आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. शिडी हलवून वर चढलो. पट्टी निघता निघेना, पाण्याने गोंद आणखी बसला होता. नखाने खरवडून काढली. ती ओली पट्टी मुठीत घेऊन मी शिडीवर किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. तासाभराने त्या विमानात प्रवासी चढले.

सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, निघाली ना, मग झालं, वाढवू नकोस. मी वाढवलं नाही. त्या मुलाला चहा पाजला, बस. लेखी काही केलं नाही, केशरी टेपचं काही केलं नाही. मला वाटलं, मी वाचलो.

२ ऑक्टोबर १९९६ ला मध्यरात्रीनंतर लीमाहून एअरोपेरूचं ७५७ सांतियागोला निघालं. विमान धुतलेलं होतं. खालच्या स्टॅटिक पोर्टवर टेप राहिली होती, चंदेरी. लावणाऱ्याने काढली नाही, तपासणाऱ्याला दिसली नाही, अंधारात फेरी मारणाऱ्या कॅप्टनलाही दिसली नाही. वर समुद्रावर काळोख, उंची खोटी, वेग खोटा, आणि एकामागून एक परस्परविरोधी इशारे. त्यांनी शहाण्या माणसासारखं कंट्रोलरला विचारलं, आमची उंची किती? कंट्रोलरने पडद्यावर बघून सांगितलं. ९,७०० फूट. त्यांच्याच काट्याशी जुळणारा आकडा. जुळणारच होता, कारण कंट्रोलरच्या पडद्यावर उंची येते ती विमानाच्याच त्या बुजलेल्या साधनाकडून. आरशाला विचारल्यासारखं झालं ते. विमानाचा पंख पाण्याला लागला तेव्हाही अल्टिमीटर साडेनऊ हजारांच्या आसपासच दाखवत होता. जमीन जवळ आली असं ओरडणारी यंत्रणा मात्र खरं बोलत होती. ती रेडिओ लहरी खाली पाठवून उंची मोजते, तिची विहीर वेगळी. तिचा आवाज बाकीच्या गोंगाटात बुडाला. ७० माणसं.

ती बातमी वाचली त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. मी जर १९९४ ला लिहिलं असतं तर लीमाची टेप निघाली असती, असं नाही. पण आमच्या हँगरमध्ये चंदेरी टेप त्यानंतरही दोन वर्षं वापरात होती, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

म्हणून विमानाभोवती फेरी माराल तेव्हा नुसतं बघत जाऊ नका. हात लावा. पिटोला, पोर्टला, प्रत्येकाला. बोटाला कळतं ते अंधारात डोळ्याला कळत नाही. आणि बादली उचलणारं पोर काही विचारायला आलं, तर उशीर होतोय म्हणून त्याला झटकू नका.

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा विचारेल, सगळेच शेजारी एका वेळी खोटे झाले तर? १ जून २००९ ला तेच झालं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए३३०, ३५,००० फुटांवर, अटलांटिकवर, वादळी ढगांत. पिटोच्या नळ्यांत बर्फाचे कण साचले, वेग नाहीसा झाला, ऑटोपायलट सुटला. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद. पण वेगाचे काटे तर साधारण मिनिटभरात ताळ्यावर आले होते. बाकीचा सगळा वेळ विमान धडधाकट होतं, इंजिनं चालू होती, आणि ते पडत होतं. चालवणाऱ्या पायलटने कांडी मागे ओढून नाक वर केलं, आणि पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडून गेली, त्यालाच स्टॉल म्हणतात. शेजारच्या पायलटला ती ओढलेली कांडी हाताला जाणवत नव्हती, कारण त्या विमानात दोन कांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. आणखी एक फार क्रूर गोष्ट होती. वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक तो आकडा अशक्य समजून स्टॉलचा इशारा बंद करायचा. नाक खाली केलं, म्हणजे बरोबर केलं, की इशारा पुन्हा सुरू व्हायचा. बरोबर वागलं की ओरडा आणि चुकीचं वागलं की शांतता. मध्यरात्री झोपेतून उठून आलेल्या कॅप्टनला त्यातून काय उमगणार होतं? २२८ माणसं गेली. ब्लॅक बॉक्स मे २०११ मध्ये जवळपास ३,९०० मीटर खोलीवरून वर काढला, तेव्हा हे कळलं.

त्याआधीही अशाच नळ्या अशाच गोठल्या होत्या, इतर विमानांवर, आणि ती विमानं घरी आली होती. त्या पायलटांनी फार काही केलं नव्हतं. हात आवरले होते. वेगाचा काटा गेला तरी होरायझन असतो आणि इंजिनांची ताकद दाखवणारा काटा असतो. नाक अमुक अंश वर आणि ताकद अमुक, तर वेग अमुकच असणार, हे त्या विमानाचं ठरलेलं असतं. त्याला पिच आणि पॉवर म्हणतात आणि ते आकडे तुमच्या विमानाच्या पुस्तकात छापलेले असतात. परीक्षेपुरते पाठ करू नका. आईचा फोन नंबर पाठ असतो तसे असू द्या.

शेवटचं सांगायचं ते लिहिण्याबद्दल. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं ७३७ मॅक्स बालीहून जाकार्ताला आलं. त्यावर पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन मोजणारा सेन्सर नुकताच बदललेला होता, दुरुस्त होऊन आलेला, आणि तो २१ अंशांनी चुकीचा होता. माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून तो 'ठीक' म्हणून सुटला होता. एमकॅस नावाची प्रणाली त्या एकाच सेन्सरचं ऐकून विमानाचं नाक खाली दाबत होती. एकाच. शेजारी दुसरा सेन्सर होता, त्याला ती विचारत नव्हती, आणि अशी काही प्रणाली आहे हे पायलटांना सांगितलेलंच नव्हतं. त्या रात्री कॉकपिटमध्ये तिसरा पायलट बसलेला होता. नाक खाली दाबणाऱ्या विजेच्या मोटरचे स्विच बंद करून त्यांनी विमान जाकार्ताला आणलं. उतरल्यावर टेक लॉगमध्ये, म्हणजे बिघाड नोंदवायच्या वहीत, वेग आणि उंची जुळत नसल्याचं लिहिलं गेलं, पण स्टिक शेकर, म्हणजे स्टॉलचा इशारा म्हणून हातातलं चाक थरथरवणारं यंत्र, सगळा वेळ हलत होता हे लिहिलं नाही, कोणते स्विच बंद केले हे लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान दुसऱ्या क्रूच्या हातात गेलं, आणि १८९ माणसं गेली. चार-साडेचार महिन्यांनी इथिओपियात तशाच रीतीने आणखी १५७. लायन एअरच्या बातम्या आल्या तेव्हा पहिल्या दिवसांत बोटं पायलटांकडेच वळली होती.

टेबलाच्या या बाजूने सांगतो. बिघडलेलं साधन शॉपमध्ये आलं की पुष्कळदा शहाण्यासारखं वागतं. आभाळात ४० अंश उणे थंडीत, कंप पावत असताना रुसलेलं यंत्र आमच्या गरम खोलीत टेबलावर हसत बसतं. मग आम्ही लिहितो, 'नो फॉल्ट फाउंड', आणि ते परत विमानावर जातं. मी असं किती वेळा लिहिलं असेल. तुम्ही टेक लॉगमध्ये नुसतं 'होरायझन खराब' लिहिलंत तर आमच्या हातात काही येत नाही. 'उजव्या वळणातून बाहेर आल्यावर इतके सेकंद कललेला राहिला, मग सावकाश सरळ झाला' असं लिहा. किती उंचीवर, पाऊस होता का, शेजारचा काय दाखवत होता. दमलेले असाल, गाडी खाली थांबली असेल, तरी लिहा. तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याची आणि तुमची कदाचित गाठही पडणार नाही.

'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द तुमच्या कानावर आयुष्यभर पडत राहतील. अहमदाबादला १२ जून २०२५ ला विमान पडलं, त्यानंतर आमच्या कट्ट्यावरसुद्धा आठवड्याच्या आत निकाल लागून गेले होते. त्या अपघाताबद्दल मी काही बोलणार नाही, ते चौकशी करणाऱ्यांचं काम. पण वर सांगितलेल्या एकाही अपघातात नुसतं साधन खोटं नव्हतं आणि नुसता माणूस चुकला नव्हता. कुठल्या तरी टेबलावर, शिडीवर, कारखान्यात, वर्गात आधी काहीतरी राहून गेलं होतं, आणि ते सगळं येऊन थांबलं त्या दोन खुर्च्यांवर. तिथे तुम्ही बसणार आहात. माझा तुमच्यावर राग नाही, मला तुमची काळजी आहे.

माझ्याकडे घरी एक होरायझन आहे, भंगारात निघालेला, रीतसर पैसे भरून घेतलेला. अर्धा निळा, अर्धा तपकिरी, मधे पांढरी रेघ. त्या मुलीला मी परवा तो हातात दिला. त्याच्या आतला भोवरा, म्हणजे जायरो, फिरवून दाखवला, तो सरळ उभा राहिला, मग मी त्याची चौकट बोटाने अडवली आणि तिला खोका डावीकडे कलवायला सांगितलं. खोका कलला. रेघ जागची हलली नाही. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, हा तर अगदी खरा वाटतोय."

सुट्टीत मुंबईला आलात तर तुम्हीही या. हातात घेऊन बघा.

तुमचा,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मुंबई